एडिसन, न्यू जर्सी: लाखभर वस्तीच्या गावाला मध्य का नाही?

रारिटनकाठ:
एडिसनमध्ये नवीन राहायला आलेला माणूस पहिल्या महिन्याभरात हमखास विचारतो, की इथलं डाउनटाउन कुठंय. भारतीय दुकानांचा ओक ट्री रोड म्हणावं तर तो बाजार बराचसा इझलिनमध्ये, म्हणजे शेजारच्या वुडब्रिज टाउनशिपमध्ये, वेगळ्या नगरपालिकेत. मेट्रोपार्क स्टेशन, जिथून आपल्यातले कितीतरी जण न्यूयॉर्कची ट्रेन पकडतात, तेही इझलिनमध्येच. संध्याकाळी चालत फिरावं असा खरा मेन स्ट्रीट आहे मेटचनला, तर ती वेगळीच बरो, वेगळा मेयर, वेगळ्या शाळा. मग एडिसन म्हणजे काय, तर ३० चौरस मैलांच्या आसपास जागा, २०२०च्या जनगणनेत १,०७,५८८ माणसं, आणि मध्य कुठेच नाही.

यावर बरेच जण ‘अमेरिकेतली सबर्ब्ज अशीच असतात, सगळं गाड्यांसाठी’ असं म्हणून विषय संपवतात. मला ते पटत नाही. गाड्या, हायवे, सबडिव्हिजन हे सगळं मुख्यतः दुसऱ्या महायुद्धानंतरचं. गावाचा आकार त्याच्या आधीच ठरला होता, १६६०च्या दशकातल्या जमीनवाटपाने आणि मग १९००च्या सुमाराला झालेल्या दोन तुकड्यांनी. आपण ज्या हद्दीवरून ‘तुझी शाळा कुठली’ नि ‘तुझा टॅक्स किती’ असं बोलतो ती हद्द साडेतीनशे वर्षांच्या गोष्टीतून आलीय, म्हणून हा धागा.

थोडक्यात सांगते. इथे आधी लेनापे हे मूळनिवासी लोक होते, रारिटन नदीच्या खोऱ्यात. हा मुलूख डचांच्या न्यू नेदरलँडमध्ये धरला जायचा. १६६४ मध्ये इंग्रजांनी तो घेतला, पण त्याआधीच राजा दुसरा चार्ल्सने तो भावाला, ड्यूक ऑफ यॉर्कला दिला होता, आणि ड्यूकने हडसन ते डेलावेअर नद्यांमधला पट्टा आपल्या दोन माणसांना, बर्कली आणि कार्टरेटला देऊन टाकला. तीच न्यू जर्सी. यातल्या कुणीही तोवर ही जमीन बघितलेलीसुद्धा नव्हती. त्याच ऑक्टोबरात लेनाप्यांकडून रारिटन ते पसेइक नद्यांमधला भलामोठा तुकडा ‘विकत’ घेतला गेला, किंमत काय तर कापड, दोन कोट, दोन बंदुका, दोन किटल्या, शिसं, ओंजळीने मोजलेली बंदुकीची दारू आणि नंतर द्यायचे वॅम्पम म्हणजे शिंपल्यांचे मणी. लेनाप्यांच्या रीतीत जमीन वापरायला द्यायची असायची, कायमची विकायची नाही, त्यामुळे दोन्ही बाजूंनी वेगवेगळाच व्यवहार केला असं म्हणावं लागेल.

या तुकड्याच्या दक्षिण भागात मॅसॅच्युसेट्सच्या न्यूबरीहून लोक आले, त्यांचं वुडब्रिज, सनद १ जून १६६९ची. पश्चिमेचा भाग डिसेंबर १६६६ मध्ये न्यू हॅम्पशरच्या पिस्कॅटाक्वा नदीकडच्या लोकांना गेला, ते पिस्कॅटवे. या दोन टाउनशिप २०० वर्षं शेजारी नांदल्या आणि १७ मार्च १८७० ला दोघींमधून जमीन काढून एक तिसरी केली, तिचं नाव रारिटन टाउनशिप. तेच आजचं एडिसन. म्हणजे गावाचा जन्मच दोन गावांच्या कडांमधून झालाय, मध्य येणार कुठून?

इझलिनवाला:
फार छान धागा. मेटचनचं पण लिहा ना ताई, खरं कारण तिथेच आहे. त्या भागात जे काही गावासारखं होतं, म्हणजे १८३०च्या दशकापासूनची रेल्वे, दुकानं, चर्चेस, शाळा, ते मेटचनला होतं. आणि १९०० मध्ये मेटचन वेगळी बरो होऊन बाहेर पडलं. १९०५ मध्ये न्यू ब्रन्सविकच्या पुलाजवळचं हायलंड पार्क पण गेलं. नकाशा बघा, मेदुवड्याच्या भोकासारखं मेटचन मध्ये बसलंय आणि एडिसन त्याच्या चहूबाजूंनी. भोक त्यांचं आणि वडा आपला.

रारिटनकाठ:
@इझलिनवाला अगदी बरोबर. आणि हे एकट्या मेटचनचं नव्हतं. १८९४ मध्ये न्यू जर्सीने शाळांचा कायदा बदलला, एका टाउनशिपमधल्या छोट्या छोट्या शाळा-डिस्ट्रिक्ट्स एकत्र केल्या आणि बरोला मात्र स्वतःची डिस्ट्रिक्ट ठेवता यायची. मग ज्यांच्याकडे आधीच चांगली शाळा होती, ते म्हणाले दुसऱ्यांच्या शाळेचे पैसे आम्ही का भरायचे, आणि राज्यभर टाउनशिपमधून बरो फुटून निघत गेल्या. पुढे ती पळवाट बंद केली पण वेगळं होण्याची सवय लागली ती लागलीच. आज राज्यात ५६४ नगरपालिका आहेत, एवढ्याशा राज्यात. शाळेचा टॅक्स कुणी कुणासाठी भरायचा हा वाद आजही प्रत्येक बजेटला ऐकू येतो, तो तेव्हापासूनचा.

कुलाबकर:
मी मुंबईत राहतो, मुलगी तिकडे असते म्हणून दोनदा येणं झालं. एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. ज्या दुसऱ्या चार्ल्सने १६६४ मध्ये हा मुलूख भावाला दिला, त्यालाच पोर्तुगीज राजकन्येशी लग्नाच्या १६६१च्या तहात मुंबई मिळाली आणि त्याने ती २७ मार्च १६६८च्या सनदेने ईस्ट इंडिया कंपनीला वर्षाला सोन्याच्या नाण्यांत १० पौंड भाड्याने दिली. आता गंमत नाही, खरंच वाचा, दोन्ही सनदांमध्ये जमीन ‘केंट परगण्यातल्या ईस्ट ग्रीनिच मॅनरप्रमाणे’ (मॅनर म्हणजे जहागिरीसारखी जमीन) धारण करायची असं लिहिलंय. ड्यूककडून भाडं म्हणून मागतील तेव्हा वर्षाला ४० बीव्हरची कातडी आणि कंपनीकडून १० पौंड. म्हणजे कायद्याच्या कागदावर आमची मुंबई आणि तुमचं एडिसन दोन्ही लंडनजवळच्या एकाच मॅनरच्या हिशोबात. आणि १६६४ हेच साल, जानेवारीत महाराजांनी सुरत मारली ते. एकाच वेळी इकडे काय चाललं होतं आणि तिकडे काय, शाळेत दोन वेगळ्या पुस्तकांत शिकवतात म्हणून कधी एकत्र डोळ्यांसमोर येत नाही.

मेघना_पी:
कुलाबकर काका, हे माहीतच नव्हतं! मुलांना दाखवणार. आमच्याकडे चौथीत न्यू जर्सीचा इतिहास असतो, त्यात ड्यूक ऑफ यॉर्क येतो पण मुंबई येत नाही, आणि आजोबांच्या गोष्टीत मुंबई येते पण ड्यूक नाही.

लालमाती:
जरा भूगोलाचं लिहितो, माझं काम माती तपासण्याचं असल्यामुळे या गावाचं खोदकाम बरंच बघितलंय. एडिसनमध्ये तीन वेगवेगळ्या जमिनी आहेत. वायव्येला लाल शेल, म्हणजे मातीचा थरांचा खडक, तो तुम्हाला बागेत फावडं मारलं की लगेच दिसतो, पाणी धरत नाही नि मुरवतही नाही धड. आग्नेयेला रारिटन नदीकडे किनारी सपाटीची वाळू आणि चिकणमाती. ही चिकणमाती फार नामांकित होती, वुडब्रिज, पर्थ अंबॉय आणि आपल्या पट्ट्यात तिच्या खाणी होत्या, विटा आणि टेराकोटा तिथून न्यूयॉर्कच्या इमारतींना जायचा. आणि या दोघींच्या मध्ये शेवटच्या हिमयुगातल्या हिमनदीने आणून टाकलेला ढिगारा, पर्थ अंबॉयकडून मेटचन, एडिसनवरून प्लेनफील्डकडे जाणारा. उत्तर एडिसनमधले ते चढउतार आणि अंगणातले गोटे त्याचेच. बर्फ इथपर्यंत येऊन थांबला.

हे सांगायचं कारण, रस्ते याच जमिनीवरून ठरलेत. जुनी वाट उंचावरून कोरडी जायची, तीच पुढे न्यूयॉर्क-फिलाडेल्फियाचा टपालरस्ता झाली, त्याच पट्ट्यात पुढे लिंकन हायवे आणि आजचा रूट २७. मेटचन त्या कोरड्या भागावर आहे. आणि खोलगट भागात काय उरलं, तर डिस्मल स्वाँप, एडिसन, मेटचन आणि साउथ प्लेनफील्ड मिळून शेकडो एकर दलदल, तिचं पाणी बाउंड ब्रूकला जातं. जुन्या लोकांनी घरं कुठे बांधली नाहीत हे बघितलं असतं, तर पुढे कित्येकांच्या बेसमेंटमध्ये पाणी आलं नसतं. घर घेताना एवढं तरी नक्की बघा, फ्लड मॅप काढा, फक्त शाळेचं रेटिंग बघून ऑफर टाकू नका.

नवीन_घर:
लालमाती सर धन्यवाद, आम्ही सध्या घरच शोधतोय. एक बेसिक प्रश्न, पत्त्यात एडिसन लिहिलेलं असलं म्हणजे घर एडिसन टाउनशिपमध्येच असतं का? आणि टॅक्स बिल कोण पाठवतं? म्हणजे काउंटी, टाउनशिप, बोर्ड ऑफ एज्युकेशन सगळ्यांची नावं ऐकून डोकं चक्रावलं.

रारिटनकाठ:
@नवीन_घर नाही, पोस्टाच्या हद्दी आणि गावाच्या हद्दी वेगळ्या. एजंटला विचारा घर कुठल्या म्युनिसिपालिटीत आहे, आणि टॅक्स रेकॉर्डमध्ये स्वतः बघा.

बिलाचं असं आहे. बिल टाउनशिप पाठवते आणि गोळाही तीच करते, वर्षातून चार हप्ते, फेब्रुवारी, मे, ऑगस्ट, नोव्हेंबर. पण ते सगळे पैसे टाउनशिपचे नसतात. त्यात टाउनशिपचा वाटा, मिडलसेक्स काउंटीचा वाटा आणि शाळांचा वाटा असतो आणि सगळ्यात मोठा वाटा शाळांचा. लोक टाउन हॉलमध्ये जाऊन भांडतात पण मोठी रक्कम ठरते बोर्ड ऑफ एज्युकेशनमध्ये, जे वेगळं निवडून येतं, तिथे पक्षाचं चिन्ह नसतं.

टाउनशिपचा कारभार १ जानेवारी १९५८ पासून मेयर-कौन्सिल पद्धतीने चालतो, नगरपालिकांच्या कारभारासाठी असलेल्या न्यू जर्सीच्या फॉकनर ॲक्टखाली. मेयर लोकांनी थेट निवडलेला, चार वर्षांसाठी, आणि त्याच्याकडे खरे अधिकार असतात, आपल्याकडच्या महापौरासारखं नाही. कौन्सिलमध्ये सात जण, तेही चार वर्षांसाठी, पण सगळे एकदम नाही, दर दोन वर्षांनी थोडे थोडे.

हडपसरकर:
पुण्यातून वाचतोय. सात नगरसेवक आणि लाखावर लोक? वॉर्ड कसे पाडलेत?

रारिटनकाठ:
@हडपसरकर वॉर्ड नाहीत. सातही जण अख्ख्या टाउनशिपचे.

हडपसरकर:
मग ड्रेनेज तुंबलं तर कुणाला धरायचं? आमच्याकडे निदान नाव माहीत असतं, फोन उचलत नाही ते सोडा.

जुनाजाणता:
@हडपसरकर रास्त प्रश्न आहे आणि इथेही तो विचारतात. रस्त्याचं बोलायचं तर आधी रस्ता कुणाचा ते बघायचं. रूट १ आणि २७ राज्याचे, निळ्या पंचकोनी पाटीवर नंबर असेल तर काउंटीचा, बाकी गल्ल्या टाउनशिपच्या. सातही नगरसेवक सगळ्यांचे असल्यामुळे उत्तर भाग आणि दक्षिण भाग यांच्यात ‘आमच्याकडे लक्ष नाही’ ही तक्रार कायम असते. जे. पी. स्टीव्हन्स हायस्कूल वरच्या बाजूचं आणि एडिसन हायस्कूल खालच्या, ही तर दोन गावंच समजा. मला वाटतं वॉर्ड असावेत. मेटचन मधोमध असल्यामुळे दोन्ही बाजूंची माणसं एकमेकांना क्वचितच भेटतात, त्यांना आपापला माणूस असायला हवा.

मी १९८०च्या दशकात आलो तेव्हा ओक ट्री रोडवर निम्मी दुकानं रिकामी होती आणि आपल्या लोकांना त्रास पण झाला, खिडक्या फुटल्या, रात्री एकट्याने जायला बायका घाबरायच्या. २०२१च्या निवडणुकीत निवडून आलेले सॅम जोशी हे या गावाचे पहिले भारतीय वंशाचे मेयर. त्याआधी २००६ मध्ये जून चोई हे पहिले आशियाई वंशाचे. हा प्रवास मी डोळ्यांनी बघितलाय म्हणून सांगतो, हे आपोआप झालेलं नाही, लोक मीटिंगला गेले, फॉर्म भरले, दारोदार फिरले.

नवीन_घर:
पण आमच्यासारख्यांचं काय, एच-वन व्हिसावर आहोत, ग्रीन कार्डची लाइन माहितीच आहे. टॅक्स पूर्ण भरायचा आणि मत शून्य.

जुनाजाणता:
मत नाही हे खरंय आणि ते बोचतं. पण न्यू जर्सीचा ओपन पब्लिक मीटिंग्ज ॲक्ट आहे १९७५चा, त्याप्रमाणे कौन्सिल आणि स्कूल बोर्ड दोघांनाही मीटिंगमध्ये लोकांना बोलायला वेळ ठेवावाच लागतो. तिथे तुमचा व्हिसा कुणी विचारत नाही. नाव आणि पत्ता सांगायचा आणि बोलायचं. आमच्या गल्लीचा फुटपाथ असाच झाला.

मेघना_पी:
मत कुणाला यावरून आठवलं. काउंटीच्या बोर्डाला अगदी २०२० पर्यंत ‘बोर्ड ऑफ चोझन फ्रीहोल्डर्स’ म्हणायचे, २०२१ पासून कमिशनर्स झाले. फ्रीहोल्डर म्हणजे वसाहतीच्या काळातला स्वतःच्या मालकीची जमीन असलेला माणूस, आणि कारभारात बोलण्याचा हक्क त्यालाच. १६६५च्या जाहीरनाम्यात तर बंदूक घेऊन येणाऱ्या मोकळ्या माणसाला इतके एकर, बरोबर आणलेल्या प्रत्येक नोकराचे किंवा गुलामाचे आणखी इतके एकर असं सरळ लिहिलेलं होतं. गुलामी इथे शेतीत मुरलेली होती, पर्थ अंबॉय बंदरात गुलाम उतरवले जायचे, आणि न्यू जर्सीने हळूहळू मुक्तीचा कायदा केला तो थेट १८०४ मध्ये, उत्तरेकडच्या राज्यांत सगळ्यात शेवटी. दुसरीकडे याच राज्याच्या १७७६च्या घटनेत ५० पौंडांची मालमत्ता असलेल्या कुणालाही मत होतं, त्यामुळे अविवाहित आणि विधवा बायका मत देत होत्या, मोकळे कृष्णवर्णीयही देत होते. १८०७ मध्ये ते काढून घेतलं. दिलेला हक्क असा काढूनही घेता येतो हे वाचून मी फार अस्वस्थ झाले होते.

दुसरी_पिढी:
नमस्कार, माझं मराठी टायपिंग स्लो आहे. मी इथेच वाढलो. तुम्ही सगळे ओक ट्री रोड म्हणताय पण लढाईचं कुणी लिहिलं नाही! २६ जून १७७७ ला तिथे अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धातली बॅटल ऑफ शॉर्ट हिल्स झाली. जनरल हाऊची ब्रिटिश आर्मी पर्थ अंबॉयकडून रात्री निघाली, प्लॅन असा की वॉशिंग्टन डोंगरावरून, मिडलब्रूकहून खाली आलाय तर त्याला परत चढायच्या आत कापायचं. वॉशिंग्टनच्या बाजूच्या लॉर्ड स्टर्लिंगचे सोल्जर्स मध्ये होते, ओक ट्री आणि पुढे स्कॉच प्लेन्सपर्यंत ते लढत लढत मागे गेले, माणसं आणि तोफा गेल्या पण तेवढ्या वेळात वॉशिंग्टन वर निघून गेला. चार दिवसांनी ब्रिटिशांनी न्यू जर्सी सोडली आणि स्टेटन आयलंडला गेले. ओक ट्री पॉन्डची जागा त्यासाठी वाचवलीय, तिथे डेव्हलपमेंट होणार होती, लोकांनी लढून पार्क करून घेतलं. बॉनहमटाउनमध्ये पण त्या वर्षी ब्रिटिशांचा कॅम्प होता.

रारिटनकाठ:
@दुसरी_पिढी किती छान लिहिलंस रे, टायपिंगचं मनावर घेऊ नकोस. आणखी लिहीत जा.

यात भर घालते, कारण जुनं गाव बघायचं तर अजून दोन जागा आहेत. पिस्कॅटवेची मूळ वस्ती, पिस्कॅटवेटाउन, आता पिस्कॅटवेमध्ये नाहीच, ती एडिसनमध्ये आहे, वुडब्रिज ॲव्हेन्यूवर, सेंट जेम्स चर्च आणि जुनी दफनभूमी. ते चर्च १८३५च्या वावटळीत पडलं आणि परत बांधलं. दुसरं स्टेल्टन बॅप्टिस्ट चर्च, त्याची मंडळी म्हणजे भाविकांचा संघ १६८९ पासूनचा. बाजूने रोज गाडी जाते आणि आपण बघत नाही.

जुनाजाणता:
विसाव्या शतकाचं राहिलं, ते मी लिहितो. रारिटन सेंटर, जिथे आपले दिवाळी एक्स्पो आणि मोठे कार्यक्रम होतात, ते पूर्वी रारिटन आर्सेनल, सैन्याचं दारूगोळ्याचं कोठार, पहिल्या महायुद्धात १९१७ ला सुरू झालं आणि १९६३ ला बंद. त्याच जमिनीवर मिडलसेक्स कॉलेज. पलीकडे कॅम्प किल्मर, दुसऱ्या महायुद्धात युरोपला जाणारे सैनिक तिथून निघायचे, १९५६ मध्ये हंगेरीचे निर्वासित तिथेच उतरले. फोर्डचा कारखाना रूट १ वर १९४८ ते २००४. म्हणजे शहर नव्हतं तरी कामाच्या जागा मोठमोठ्या होत्या आणि प्रत्येक जागेभोवती आपली वेगळी वस्ती वाढली. १९५० मध्ये लोकसंख्या १६ हजारांच्या आसपास आणि १९६० मध्ये जवळपास ४५ हजार. दहा वर्षांत शेतं संपली. मध्य आधीच हातातून गेलेला होता, नवीन करायला कुणाला वेळ मिळाला नाही.

हडपसरकर:
मग एडिसन आणि मेटचन एकत्र का करत नाहीत? आमच्याकडे तर गावं विचारता न विचारता महापालिकेत घेतात.

रारिटनकाठ:
@हडपसरकर इथे तसं वरून करता येत नाही, दोन्हीकडच्या मतदारांनी हो म्हणायला लागतं. प्रिन्स्टन बरो आणि प्रिन्स्टन टाउनशिप २०१३ मध्ये एक झाल्या, पण त्याआधी कित्येक वेळा प्रस्ताव पडला होता. मेटचनचे लोक हो म्हणतील असं मला वाटत नाही, आणि त्यांच्या जागी मी असते तर मीही नाही म्हटलं असतं, चालत जाता येईल असं गाव कुणी का सोडावं. आपण आपल्या बाजूने मागायचं ते एडिसन स्टेशनच्या आसपास चालण्यासारखं काही व्हावं, बस व्हावी, दोन्ही हायस्कूलमधल्या मुलांना एकत्र आणणारी लायब्ररी व्हावी. हे मागायला हद्द बदलावी लागत नाही.

लालमाती:
नावाचं कुणी लिहिलं नाही अजून. राज्यात तेव्हा आणखी दोन रारिटन टाउनशिप होत्या, हंटरडन काउंटीत एक आणि मॉनमथमध्ये एक, त्यामुळे गोंधळ व्हायचा. १९५४ मध्ये मतदान झालं आणि १० नोव्हेंबरपासून नाव एडिसन झालं, कारण १८७६ मध्ये थॉमस एडिसनने इथल्या मेन्लो पार्कला प्रयोगशाळा काढली, फोनोग्राफ आणि चालणारा बल्ब तिथलाच. मूळ लॅब मात्र आता इथे नाही, हेन्री फोर्डने १९२९ मध्ये ती मिशिगनच्या ग्रीनफील्ड व्हिलेजमध्ये उभी केली, इथे स्मारकाचा टॉवर आणि छोटं म्युझियम आहे, क्रिस्टी स्ट्रीटवर. त्याच मतदानात दुसरा पर्याय होता निक्सन, म्हणजे जहाजं बांधणारा लुईस निक्सन, ज्याच्या नावाची वस्ती अजून आहे. तिथल्या नायट्रेशन कारखान्यात १ मार्च १९२४ ला स्फोट होऊन २० जणांच्या आसपास कामगार गेले होते. एडिसनचा टॉवर सगळे दाखवतात. या कामगारांबद्दलही मुलांना सांगावं, ते याच गावात कामाला होते.

दुसरी_पिढी:
टॉवरजवळ शनिवारी कुणी येणार असेल तर मी भेटतो, नंतर ओक ट्री पॉन्डला जाऊ.